दोन बोटं सैल

तरसालीच्या नयनाबाई साळुंख्यांनी शिवलेला ब्लाऊज कुणाला घट्ट झाला, असं आजवर घडलेलं नाही. सैल झाला असेल. गळा चिमूटभर इकडचा तिकडे सरकला असेल. नवरात्राच्या गडबडीत एकीची चोळी दुसरीच्या पिशवीत गेली, असंही एकदा झालं आणि त्यावरून दोन जावा दिवाळीपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण घट्ट? नाव नको. "बाईचं अंग म्हणजे काय देवळातली मूर्ती आहे, घडवली तशी राहायला?" नयनाबाई विचारत. "सकाळी एक असतं, जेवल्यावर एक. दोन बोटं सैल शिवावं, म्हणजे बाईला श्वास घेता येतो." या दोन बोटांवर त्यांचा संसार उभा होता म्हटलं तरी चालेल. गुजराती गिऱ्हाइकं त्यांना नयनाबेन म्हणत, मराठी बायका नयनाबाई म्हणत, आणि दोन्हीकडच्या आपापल्या भाषेत एकच सांगत, की माप द्यावंसुद्धा लागत नाही, बाई नुसत्या बघतात.

त्या बघतही तशाच. फाटकातून आत येणारी बाई उंबऱ्याशी पोचेपर्यंत नयनाबाईंच्या डोक्यात तिचा ब्लाऊज बेतून झालेला असे. ही पाठीला रुंद आणि पुढून सपाट. हिचे खांदे उतरते, पट्टी घसरणार. हिची एक बाजू दुसरीपेक्षा जड. या शेवटच्या प्रकारातली एखादी बिचारी मान खाली घालून बसली, तर नयनाबाई तिच्या कानाशी वाकून सांगत, "अगं, निम्म्या जगाचं असंच असतं. निम्मं जग फक्त बोलत नाही." आणि टेप गुंडाळून चहा टाकायला उठत.

त्यांची आणखी एक खोड होती. दुकानातला तयार कपडा घरात आला, की तो उसवल्याशिवाय त्या कुणाच्या अंगाला लागू देत नसत. यजमान श्रीकृष्णराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांची प्रत्येक नवी पँट कमरेत उसवून वाढवली जाई, मग ते रोड झाले तरी. मुलीचे शाळेचे गणवेश, भाच्यांचे वाढदिवसाचे शर्ट, सगळे आधी मशीनखालून जात. रेल्वेनं दिलेले बूट तेवढे वाचले, असं श्रीकृष्णराव म्हणत. पण ही चेष्टा चेष्टाच होती. उसवून सैल करणं ही नयनाबाईंची माया करायची रीत होती, आणि घरात ते सगळ्यांना कळत होतं.

फक्त मोहनाच्या अंगाचं काय करायचं, हे त्यांना कधी कळलं नाही.

मोहना ही त्यांची एकुलती एक मुलगी. रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत असताना तिथल्या मैदानावर ती खो-खो खेळायला लागली आणि खेळतच राहिली. पळायची अशी, की मागे लागलेल्याच्या हाती नुसता वारा यावा. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी ती आईच्या वळणावर गेली. वर्षभरात छाती भरली, आणि मैदानाच्या कडेला जी पोरं आधी खेळ बघायची, ती आता दुसरंच काही बघायला लागली. नयनाबाई एकदाच सामना बघायला गेल्या होत्या. मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं आणि चारजण हसले. नयनाबाईंना ते शब्द नवे नव्हते. स्वतः सोळाव्या वर्षी गरबा खेळताना त्यांनी ते ऐकले होते. तेव्हा दुसऱ्या दिवसापासूनच नाच सोडून, ओढणी पिनांनी टाचून त्या बायकांच्या रांगेत टाळ्या वाजवत बसायला लागल्या, त्या आजतागायत. नाचताना छाती दुखायचीही फार, पण ते सांगायचं कुणाला?

त्या दिवशी सामना अर्धा टाकून त्या घरी आल्या. संध्याकाळी मोहनाला म्हणाल्या, "खेळायचं तर खेळ बाई. मी अडवणार नाही. पण मला बघायला बोलावू नकोस. माझ्यानं नाही बघवत."

मोहनानं परत कधी बोलावलं नाही. जिल्ह्यात खेळली, राज्यात खेळली. ढाली यायच्या, त्या कपाटावर चढायच्या, नयनाबाई त्यांच्यावरची धूळ पुसायच्या. आईला काय बघवत नाही, याचा अर्थ पोरीनं काय लावला असेल, हे विचारायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही.

खेळताना मोहना एकावर एक अशा दोन साध्या ब्रा घालायची, वर एक तंग बनियन, वर टी-शर्ट. तरीही खांदे पुढे काढून, किंचित पोक काढून पळायची. खांद्यांवर पट्ट्यांचे काळे व्रण पडले होते. आईनं त्यांना तूप चोळावं, लेकीनं चोळून घ्यावं, आणि दोघींनी त्याबद्दल एक अक्षर बोलू नये, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग रेल्वेची जाहिरात आली. खेळाडूंच्या जागा होत्या, त्यात खो-खोच्या मुलीही हव्या होत्या, आणि निवडचाचणी प्रतापनगरच्याच मैदानावर होणार होती. मोहनाचं वय अटीत बसत होतं ते याच वर्षी. पुढच्या वर्षी नाही. श्रीकृष्णराव निवृत्त व्हायला आले होते, आणि ज्या फाटकातून आपण आयुष्यभर सायकलवर आत गेलो, त्यातून आपली मुलगी खेळाडू म्हणून आत जाणार, या विचारानं ते जेवताना मध्येच हात थांबवून बसत. मोहनाला नोकरी हवीच होती. पण त्याहून जास्त तिला आणखी दहा वर्षं खेळायचं होतं, आणि रेल्वे सोडली तर खो-खो खेळणाऱ्या बाईला दहा वर्षं पोसणारं दुसरं कोण होतं?

तिची प्रशिक्षक कोमल हिनं एक दिवस सरळच सांगितलं. "नयनामासी, ही पळते ती निम्मी. उरलेलं निम्मं बळ ती स्वतःला सांभाळण्यात घालवते. तिला नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या. गोत्रीत दुकान आहे, ते माप घेऊन देतात."

"माप?" नयनाबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीचं माप दुसरं कोण घेणार?" आणि मोहना-कोमलबरोबर त्याही निघाल्या.

गोत्रीच्या त्या दुकानात वातानुकूलित गारवा होता आणि माप घेणारी मुलगी मोहनापेक्षाही लहान दिसत होती. नयनाबाई खुर्चीत बसून परीक्षकासारख्या बघत राहिल्या. त्यांच्या आधी एक कबड्डीवाली मुलगी होती, काटकुळी, सपाट अंगाची. तिला त्या पोरीनं डोक्यातून घालायची, नुसती आवळून धरणारी ब्रा दिली. मग एक मध्यमवयीन बाई आली. खांदे उतरते, पाठ रुंद. तिला पाठीवर पट्ट्या एकमेकींना छेद देतात तशी दिली, म्हणजे त्या घसरणार नाहीत. इथवर नयनाबाईंनी मनातल्या मनात मान डोलावली. पोरगी बघायला शिकलेली होती.

मग मोहनाचा नंबर आला. मुलीनं छातीच्या खाली, बरगड्यांभोवती टेप गुंडाळून ओढला आणि आकडा सांगितला, तशा नयनाबाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, एवढं टाइट? माझी मुलगी आहे ती, पार्सल नाही!"

"मासी, टाइट नथी, फिट छे," ती हसून म्हणाली. मग हिंदी-गुजराती मिसळून तिनं समजावलं, की भरलेल्या अंगाला नुसतं आवळून भागत नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळी वाटी लागते. आणि भार खांद्यांनी नाही, खालच्या पट्ट्यानं उचलायचा असतो. पट्टा सैल असेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. तिनं मोहनाला दोन्ही हात वर करायला लावले. "जुओ मासी, पाछळथी पट्टो हाल्यो? हलला नाही पाहिजे."

पाठीमागचा पट्टा हलला नव्हता. मोहना कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि आतून धप्प धप्प असा आवाज यायला लागला. ती जागच्या जागी उड्या मारत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की कोमलसुद्धा हसायला लागली. "आई," ती म्हणाली, "काही होतच नाही गं. काहीच नाही!" आणि तिथंच दुकानात ती ताठ उभी राहिली. इतकी उंच आहे ही, हे नयनाबाईंना त्या दिवशी कळलं.  ब्रा महाग होती, म्हणून एकच घेतली.

पुढचे दिवस मोहना सरळ पाठीनं पळाली. कोमल रोज फोन करून सांगायची, की मासी, ही कुणाच्या हाताला लागत नाही. नयनाबाई ऐकत. आनंद व्हायचा, आणि त्या आनंदात एक बारीकसा खडाही लागायचा. इतकी वर्षं शेकडो बायकांना श्वास घेता येईल असं शिवलं, आणि स्वतःच्या मुलीला ताठ उभं केलं ते गोत्रीतल्या एका पोरीनं, तेही आवळून.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मोहना सरावाहून आली, आंघोळ करून आली आणि केस पुसता पुसता सहज म्हणाली, "आज जरा रुततंय बघ." आणि झोपली.

नयनाबाईंनी तिच्या पाठीवरचं पांघरूण सारखं करताना बघितलं. वर सरकलेल्या टी-शर्टखाली बरगड्यांभोवती लाल वळ उमटला होता. नव्या कपड्याचा, लांबलेल्या सरावाचा, घामाचा असा वळ तासाभरात जातो. पण आईच्या डोळ्यांना तो तसा दिसला नाही. उद्या एवढी मोठी चाचणी, आणि पोरीच्या अंगात हे असं रुतणार? पळताना श्वास कुठून घेणार ती? आत न्हाणीघरात ती ब्रा धुऊन वाळत घातलेली होती.

त्यांनी ती उतरवली. काखेखाली दोन्ही बाजूंची शिवण उसवली, आणि मऊ सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या बाजूला जोडली. लेकीला कडा टोचू नये म्हणून मशीन वापरलं नाही. चष्मा लावून, खिडकीशी बसून, हातानं शिवलं. इतके बारीक टाके त्यांनी कुणा नवरीच्या चोळीलाही घातले नव्हते. मनात म्हणत होत्या, बघ, उद्या तुला कळणारसुद्धा नाही, नुसतं हलकं वाटेल. काम झाल्यावर त्यांनी ती परत दोरीवर होती तशी घातली. आणि त्याच भरात त्यांनी ठरवलं, की उद्या आपण मैदानावर जायचं. लोक काय बघायचं ते बघोत. आपली मुलगी ताठ पळते, ती आपण बघायचीच.

सकाळी मोहना कोमलबरोबर पुढे गेली होती. नयनाबाई श्रीकृष्णरावांच्या स्कूटरवर मागून पोचल्या आणि मैदानाच्या कडेला उन्हात बसल्या. मोहनानं लांबून त्यांना बघितलं. आधी तिला खरंच वाटलं नसावं. मग तिनं असा हात हलवला, की शेजारच्या मुली वळून बघायला लागल्या. मग दोन्ही हात वर करून हलवले.

आणि नयनाबाईंनी बघितलं, की तिचे हात खाली आले ते सरळ पाठीमागे गेले, आणि टी-शर्टाच्या वरूनच तिनं काहीतरी खाली ओढलं.

ज्या नजरेनं उंबऱ्यापर्यंत येणाऱ्या बाईचा ब्लाऊज बेतून व्हायचा, त्या नजरेला दुसरं काही सांगावं लागलं नाही. मागचा पट्टा वर चढला. मागचा वर चढला की पुढचं खाली येणार. सुती कापड घामानं आणखी पसरणार. घट्ट करायला हुकाची पुढची जागाही आता उरली नसणार. मैदानावर शेदोनशे माणसं होती आणि त्यातल्या एकाच बाईला हे माहीत होतं, आणि तिला जागचं उठता येत नव्हतं. उठून करणार तरी काय? शिट्टी झाली होती.

मोहना पळाली. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळाली, दोनदा पाठलाग करणारीला चकवलं. मग खांबाशी वळताना तिचा उजवा हात आपोआप छातीशी गेला. सांभाळायला, जुन्या सवयीनं. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. बाद. दुसऱ्या डावात तिनं पोक काढलं. ती शाळेतली मोहना झाली, खांदे पुढे, मान खाली. मध्येच थांबून तिनं पट्टा ओढला आणि पुन्हा बाद झाली. पाठलागाच्या वेळी पुढे झेप घ्यायची होती, तिथं ती झेपावलीच नाही. मंडपातल्या निवड करणाऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

"आज काय झालं हिला?" श्रीकृष्णराव म्हणाले. नयनाबाईंनी पदर तोंडात धरला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्या गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या चोळ्यांवर हसून म्हणायच्या. त्या क्षणी त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

घरी आल्यावर मोहना आंघोळीला गेली, बाहेर आली, जेवली. "दिवस नव्हता माझा," एवढंच म्हणाली.  रात्री नयनाबाईंनी ठरवलं, पट्टीचं सकाळी सांगू. सकाळी ठरवलं, निकाल लागल्यावर. निकालात नाव नव्हतंच, आणि मग सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. ती ब्रा परत कधी दोरीवर दिसली नाही. पोरीच्या लक्षात आलं नसावं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. टाके बारीक होते ना.

मोहनाला गोत्रीतल्या एका शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी लागली. चांगली नोकरी होती. मुलांना खो-खो शिकवते, स्कूटरवर जाते, वेळेवर येते. सुरुवातीला संध्याकाळी मैदानावर जायची, मग रविवारी जायला लागली, मग तेही राहिलं. ती खेळत नाही, हे घरात कुणी मोठ्यानं म्हणालं नाही.

नयनाबाई मात्र बदलल्या. एका दुपारी त्या एकट्याच गोत्रीच्या त्या दुकानात गेल्या आणि स्वतःच्या मापाची एक ब्रा घेऊन आल्या. घरी दार लावून घातली आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून हळूच एक उडी मारली. मग दुसरी. दुखलं नाही. काही हललं नाही. सोळाव्या वर्षी सोडलेला गरबा आठवून त्या ओट्याला धरून रडल्या, आणि मग आपण कुणासाठी रडतोय, हेच त्यांना कळेना.

यंदा नवरात्राच्या तोंडावर समोरच्या टेनामेंटच्या बैठ्या घरातली प्राची पिशवी घेऊन आली. चोळी होतीच, खाली आणखी एक कपडा होता. "नयनामासी, हे जरा ढीलं करून द्या ने. नवीनच आहे. गरब्याच्या क्लासमध्ये वळ उठतात."

नयनाबाईंनी तो कपडा हातात घेतला. तीच कंपनी, तोच रुंद पट्टा. "नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, दोनच बोटं..."

"नाही म्हटलं ना!" प्राची दचकली इतका त्यांचा आवाज चढला. मग त्या खाली बसल्या आणि भराभरा बोलायला लागल्या. "खरंच श्वास अडत असेल तर दुकानात जाऊन बदलून आण, दुसरं माप बघ. तुझी पाठ अरुंद आहे, वरून भरलेली आहेस, तुला वेगळी वाटी लागेल. नुसता वळ असेल तर तो जातो, घरी येऊन तेल लाव. पण पट्टा सैल करायचा नाही. सगळा भार त्याच्यावर असतो. हात वर कर आणि बघ, मागून वर चढला तर समज तू कामातून गेलीस. कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी ऐकू नकोस. आईनं सांगितलं तरी नाही."

बोलता बोलता त्यांनी वर बघितलं. शाळेतून आलेली मोहना दारात उभी होती, हातात हेल्मेट घेऊन. सगळं ऐकलं होतं तिनं. प्राची "बरं मासी, येते" म्हणून चोळी तेवढी ठेवून घाईनं निघून गेली. ब्रा नयनाबाईंच्या मांडीवरच राहिली.

मोहना आत आली, हेल्मेट ठेवलं, आईसमोर जमिनीवर बसली.

"किती बारीक टाके घातले होतेस गं," ती म्हणाली. "सकाळी घालताना दिसलेच नाहीत. मला वाटलं, मीच बारीक झाले."

नयनाबाई म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"घरी येऊन काढली तेव्हा. तुझा टाका मला ओळखू येणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस? भांडायचं होतंस माझ्याशी. मारायचं होतंस मला. एवढे दिवस तू..." 

मोहनानं आईच्या मांडीवरचा तो कपडा उचलला, पट्टा दोन्ही हातांत धरून ताणून बघितला, आणि सोडला.

"तू इतक्या वर्षांनी मला बघायला आली होतीस, आई," ती म्हणाली. "मला वाटलं, हे सांगितलं तर तू परत कधी येणार नाहीस. आणि मग मीच खेळले नाही."

नयनाबाईंनी लेकीचा हात धरला आणि धरून ठेवला. बाहेर क्लासच्या गरब्याचा ढोल सुरू झाला होता. थोड्या वेळानं त्यांनी प्राचीची ब्रा घडी घालून पिशवीत ठेवली, एकही टाका न उसवता.